परत येणाऱ्याची खोली

माहूरच्या माणसाला परत येण्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. आमच्याकडं समजूतच अशी आहे की दत्त महाराज रोज काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि झोपायला माहूरला येतात. (एका संस्कृत स्तोत्रात भिक्षा माहूरला आणि झोप सह्याद्रीत असा हिशेब दिलाय. पण तो माहूरमध्ये कुणाला ऐकवायला जाऊ नका!)

गावातून शिकायला बाहेर पडलेल्या आमच्या पिढीवर यावरून एक विनोद आहे. म्हणे ही पोरंही दत्तासारखीच. आंघोळ पुण्यात, भिक्षा हिंजवडीत आणि झोपायला दिवाळीचे चार दिवस माहूरला. विनोद करणारे आमचेच काका-मामा असतात आणि हसून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग, कायमचा कधी येणार?"

आम्हाला हा प्रश्न चकली खाता खाता विचारला जातो, त्यामुळे तो टाळताही येतो. पण काही लोकांना तो सही-शिक्क्यानिशी विचारलेला असतो. शिकायला पाठवतानाच लिहून घेतात, की बाबा, शिक्षण झालं की परत यायचं आणि इथंच काम करायचं. मराठवाड्यात अशी माणसं मी जवळून पाहिली आहेत. ती आली होती येमेनहून.

पुण्यात राहणाऱ्यांना इराणी, अफगाण, आफ्रिकन विद्यार्थी माहीत असतात. आमच्या मराठवाड्याच्या वाट्याला आले येमेनी. औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) आणि नांदेडला विद्यापीठाच्या आसपास ज्यांनी त्या वर्षांत दिवस काढलेत, त्यांना झेरॉक्सच्या दुकानात, रेशन घेताना, डॉक्टरकडं बाळाला घेऊन बसलेले हे लोक आठवत असतील. विद्यार्थी म्हणायचं, पण बरेच जण तिशी-पस्तिशीचे, बायको-पोरं घेऊन आलेले. विषय संगणकशास्त्र, इंग्रजी, भाषाशास्त्र, कॉमर्स असे. मला आधी नवल वाटायचं, की हे एवढ्या लांबून नांदेडला कसे काय पोचले?

त्याचं उत्तर त्यांच्या नोकरीत होतं. अरब देशांतल्या विद्यापीठांत 'मुईद' नावाची एक पायरी असते. विभागात पहिल्या आलेल्या मुलाला किंवा मुलीला विद्यापीठ त्या पदावर घेतं. तो प्रॅक्टिकल घेतो, वह्या तपासतो आणि मग विद्यापीठ किंवा सरकार त्याला स्कॉलरशिप देऊन एम.ए., पीएच.डी. करायला बाहेर पाठवतं. परत आला की त्याच विभागात तो प्राध्यापक. म्हणजे हा माणूस बाहेर पडतानाच त्याची खुर्ची ठरलेली असते, फक्त तिच्यावर बसायला त्याने डॉक्टर होऊन यायचं असतं.

येमेनला याची गरज किती होती ते बघा. सानाचं विद्यापीठ १९७० चं, एडनचं १९७५ चं. उत्तर आणि दक्षिण येमेन एकत्र आले २२ मे १९९० ला, आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत हुदैदा, ताइझ, मुकल्ला अशा शहरांतून नवी विद्यापीठं उभी राहिली. इमारती झाल्या, मुलं आली, शिकवणार कोण? वर्षानुवर्षं इजिप्तसारख्या देशांतून शिक्षक आणून काम चालवलेलं. आपल्याच माणसांना पीएच.डी. करून आणायची तर युरोप-अमेरिका महाग. भारतात फी परवडते, इंग्रजीत शिकता येतं, मशिदी आहेत आणि भातही मिळतो. नांदेड पुण्यापेक्षाही स्वस्त. झालं!

आणि खरं तर ही वाट काही नवीन नाही. निजामाच्या फौजेत अरब शिपाई असायचे आणि त्यातले खूपसे आले होते आजच्या येमेनमधल्या हद्रमौत भागातून. हैदराबादेत बारकस नावाची त्यांची वस्ती आहे, आणि मराठवाड्यात 'चाऊस' आडनावाची घरं आहेत. हे आडनाव म्हणजे मुळात पलटणीतला हुद्दा. नांदेड-परभणीकडं वर्गात एखादा चाऊस नाही असं सहसा होत नाही. आमच्या शाळेतला चाऊस तर अस्सल मराठवाडी मराठीत शिव्या द्यायचा. त्याच्या पणजोबांचे पणजोबा नोकरीला म्हणून आले आणि इथलेच झाले. त्यांच्या परत जाण्याची वाट तिकडं किती वर्षं कुणी पाहिली असेल, कुणास ठाऊक. असो.

माझा एक मित्र नांदेडला विद्यापीठात संगणकाची पीएच.डी. करत होता. मी सुट्टीत माहूरला जाताना त्याच्याकडं एक-दोन दिवस थांबायचो. त्याच्या शेजारच्या टेबलावर हुदैदाहून आलेला एक संशोधक बसायचा. नाव सांगत नाही, कारण तिकडं सध्या कुणाचं नाव कुठं आलेलं कुणाला चालेल ते सांगता येत नाही. आम्ही त्याला पहिल्या दिवसापासून 'डॉक्टर' म्हणायचो आणि तो प्रत्येक वेळी "इन्शाल्ला" म्हणायचा.

डॉक्टरला नांदेडमध्ये खोली मिळायला महिना लागला होता. बाहेरच्या देशातला म्हटल्यावर घरमालकाला तेव्हा 'सी फॉर्म' भरून पोलिसांना कळवावं लागायचं. त्या फॉर्मचं नाव काढलं की अर्धे मालक दार लावून घ्यायचे. उरलेल्यांचे प्रश्न तुम्हाला पाठ असतील. कोण? कुठले? एकटे का? नॉनव्हेज का? शेवटी एका रिटायर्ड गुरुजींनी वरची खोली दिली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पाणी एक दिवसाआड येतं. चालेल का?" डॉक्टर म्हणाला, "गुरुजी, माझ्या घरी तर तेवढंही येत नाही." पुढं त्याची बायको आणि मुलगी आली. मुलगी गुरुजींच्या नातींबरोबर खेळून मराठी बोलायला लागली आणि बापाला भाजीवाल्यापाशी दुभाषी म्हणून उपयोगी पडायला लागली.

डॉक्टरचा व्हायवा झाला २०१३ च्या डिसेंबरात. येमेनी मंडळींत व्हायवा म्हणजे जवळपास लग्नच. बाहेरचे परीक्षक येतात, कुणीही येऊन प्रश्न विचारू शकतं, आणि नंतर जेवण. आदल्या दिवशी फ्लेक्स करायचं ठरलं. इंग्रजीत नाव, विषय, गाइडचं नाव, आणि वर अरबीत अभिनंदन. नेहमीच्या फ्लेक्सवाल्याने मजकूर कोरल ड्रॉमध्ये पेस्ट केला आणि सगळी अरबी अक्षरं सुटी सुटी होऊन उलट्या दिशेने उभी राहिली. आपल्याकडं युनिकोड नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाकलं की पहिली वेलांटी कशी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसते, तसंच. माझा धंदाच तो असल्याने मी शेपिंग, राइट-टू-लेफ्ट वगैरे समजावून सांगत बसलो. मित्र म्हणाला, "तू गप बस, गाडी काढ." आम्ही देगलूर नाक्याला गेलो. तिथं उर्दू लग्नपत्रिका करणाऱ्या एका पोराने इनपेजमध्ये पाच मिनिटांत मजकूर लावून दिला. फक्त झालं काय, की इनपेजमध्ये उर्दूची लपेटदार नस्तालीक अक्षरं. दुसऱ्या दिवशी सगळे येमेनी पाहुणे फ्लेक्सखाली उभे राहून हसताहेत, की आपला माणूस हुदैदाचा आणि फ्लेक्स लखनौचा!

व्हायवा छान झाला. परीक्षकांनी निकाल सांगितल्यावर मागून बायकांनी जिभेने तो लांब आवाज काढला आणि शिपाई दचकून आत आला. जेवायला मध घातलेली पापुद्र्यांची बिंत अस-सहन होती आणि गुरुजींनी आणलेले पेढे. डॉक्टरने कमरेला जंबियाचा पट्टा बांधला होता, नुसती म्यान, आत खंजीर नाही. सचखंड गुरुद्वाराच्या गावात कृपाण बघायची सगळ्यांना सवय, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मग तो बोलायला उभा राहिला. गाइडचे आभार, गुरुजींचे आभार, आणि शेवटी काय करणार ते सांगितलं. विभागात लॅब उभी करायची, दोन वर्षांत एम.एस्सी. सुरू करायचं. त्याने एक टीबीची हार्ड डिस्क घेतली होती. तिच्यात तो रात्र रात्र बसून आयआयटीवाल्यांची एनपीटीईएलची लेक्चर्स उतरवून घेत होता, कारण तिकडं नेट धड चालत नाही. आमच्यातल्या कुणी ती लेक्चर्स फुकट असूनही बघितली नव्हती.

२०१४ च्या सुरुवातीला तो गेला. अट पूर्ण केली. डिस्कही धड पोचली.

पुढचं तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. सप्टेंबर २०१४ मध्ये हुथींनी साना घेतलं. मार्च २०१५ मध्ये सौदी आघाडीचे हवाई हल्ले सुरू झाले. एप्रिलमध्ये भारताने 'ऑपरेशन राहत' करून साडेचार हजारांहून जास्त भारतीय आणि त्याशिवाय कितीतरी परदेशी लोक तिथून बाहेर काढले. त्या दिवसांत टीव्हीवर लोक येमेनमधून बाहेर पडताना दिसायचे, आणि इकडं नांदेड-औरंगाबादमध्ये येमेनी विद्यार्थी उलट्या काळजीत होते, की आपण आत कसं जायचं. ऑगस्ट २०१६ मध्ये सानाचा विमानतळ नेहमीच्या प्रवासी विमानांना बंद झाला, तो मे २०२२ मध्ये उघडला. पावणेसहा वर्षं! स्कॉलरशिपचे पैसे महिनोन् महिने अडकायला लागले. ज्यांचा प्रबंध अर्धा झाला होता त्यांच्यापुढं प्रश्न, की फी भरायची की भाडं? गुरुजींसारखे काही घरमालक थांबले, काही नाही थांबले.

आणि जे परत गेले होते त्यांचं काय? २०१६ मध्ये येमेनची मध्यवर्ती बँक सानाहून एडनला हलवली आणि हुथींच्या ताब्यातल्या भागात सरकारी नोकरांचे नियमित पगार बंद झाले. त्यात प्राध्यापकही आले. हुदैदा तर बंदराचं शहर. २०१८ मध्ये लढाई शहराच्या वेशीपर्यंत आली आणि डिसेंबरात स्वीडनमध्ये करार होऊन थांबली. डॉक्टर सकाळी विद्यापीठात शिकवायचा आणि दुपारनंतर एका नातेवाइकाच्या दुकानात हिशेब लिहायचा. पीएच.डी. संगणकात, आणि काम वहीवर, कारण वीज नसायची. एकदा त्याने मित्राला कळवलं होतं, की मी माझी अट पाळली, समोरच्याने पाळायची अट कागदावर नव्हती.

हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलंय. बॉण्डमध्ये एकाच बाजूची अट असते. तू परत ये. पण आल्यावर पगार, वीज, छत, वर्गात मुलं, एवढं तरी असेल याची सही कुणी करत नाही.

अफगाण मुलांचंही तेच झालं. २००५ नंतर भारताने आयसीसीआरमार्फत अफगाणिस्तानला दरवर्षी पाचशे आणि पुढं वाढवून हजार स्कॉलरशिप दिल्या. त्यातली बरीच मुलं पुण्याला आली. परत जायचं आणि देश उभा करायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. समोर उदाहरण होतं हमीद करझाईंचं, शिमल्याला हिमाचल प्रदेश विद्यापीठात शिकून जाऊन राष्ट्राध्यक्ष झालेले. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठं बंद केली. तीन महिन्यांनी, मार्च २०२३ मध्ये, सुरतच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात रझिया मुरादी या अफगाण मुलीला लोकप्रशासनाच्या एम.ए.चं सुवर्णपदक मिळालं. विषय बघा, लोकप्रशासन! देश चालवायचं शास्त्र. पदक गळ्यात आणि देशात मुलींना कॉलेजचं दार बंद. टाळ्या वाजवणाऱ्यांना त्या दिवशी कसं वाटलं असेल.

आता एक गंमत सांगतो, म्हणजे गंमत नाही म्हणता येणार. औरंगाबादला शिकलेला येमेनी माणूस जी पदवी घेऊन सानाला किंवा एडनला जातो, तिच्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव असतं. मराठवाडा विद्यापीठाला ते १४ जानेवारी १९९४ ला मिळालं, आणि त्यासाठी मराठवाड्याने काय काय पाहिलं ते इथं सांगत बसत नाही. पण ज्याचं नाव त्या कागदावर आहे, तो माणूस स्वतः परत येण्याची अट घातलेला स्कॉलरशिपचा विद्यार्थी होता.

४ जून १९१३ ला आंबेडकरांनी बडोदा संस्थानाशी करार केला. सयाजीराव महाराजांकडून महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, कोलंबिया विद्यापीठात शिक्षण. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. म्हणजे जवळजवळ मुईदच. १९१५ मध्ये एम.ए. झालं, १९१६ मध्ये ते लंडनला गेले, मुदत संपल्यामुळे तिथला अभ्यास अर्धा टाकून १९१७ मध्ये परत आले. पुस्तकांचं सामान दुसऱ्या बोटीवर होतं. महायुद्ध चालू होतं, ती बोट बुडवली गेली आणि पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. (डॉक्टरची हार्ड डिस्क पोचली तेव्हा मला हीच बोट आठवली होती.)

करारानुसार ते बडोद्याला हजर झाले. नोकरी होती, हुद्दा होता, महाराजांचा पाठिंबा होता. नव्हती ती खोली. अस्पृश्याला भाड्याने कुणी जागा देईना. शेवटी पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात येऊन उभे राहिले. दोन मित्रांकडं विचारून पाहिलं, एक हिंदू, एक ख्रिश्चन. एकाला घरातले नोकर सोडून जातील ही भीती, दुसऱ्याला बायकोला विचारायचं होतं. मग संध्याकाळचे पाच तास बागेत बसून काढले आणि रात्री नऊच्या गाडीने मुंबई गाठली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. दहा वर्षांचा करार एका खोलीवाचून मोडला.

माझं म्हणणं एवढंच आहे, की या गोष्टीत करार कुणी मोडला? आपण सवयीने परत न येणाऱ्याकडं बोट दाखवतो. अमेरिकेची फुलब्राइट असो की ब्रिटनची चेव्हनिंग, शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी जाऊन राहा म्हणतात. अट चांगलीच आहे, पाहिजेच. सरकारचा म्हणजे लोकांचा पैसा आहे. पण अट घालून माणूस विमानतळापर्यंत येतो. विमानतळापासून पुढं गावाने बघायचं असतं.

आणि गावाने बघितलं की काय होतं त्याचंही उदाहरण आमच्याच भागात आहे. निजामाच्या राज्यात विद्यापीठ एकच, हैदराबादचं उस्मानिया, १९१८ चं, आणि शिक्षण उर्दूत. मराठवाड्यातल्या पोराने शिकायचं तर हैदराबाद नाहीतर पुणे-नागपूर गाठायचं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं. आणि दोनच वर्षांत, १९५० मध्ये, दोन कॉलेजं निघाली. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज, आणि औरंगाबादला आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज, ज्याला पुढं मिलिंद नाव मिळालं. पुढं २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ झालं.

ज्याला बडोद्यात खोली मिळाली नाही, त्या माणसाने तेहतीस वर्षांनी औरंगाबादला मुलांसाठी वसतिगृहासकट कॉलेज काढलं! गावकुसाबाहेरून आलेल्या मुलांना पहिल्यांदा खोली मिळाली, कॉट मिळाली, आणि शिकून झाल्यावर उभं राहायला कॉलेजं, शाळा मिळाल्या. करारातलं बडोदं राहिलं बाजूला, फेड झाली मराठवाड्यात. आणि रामानंद तीर्थ तर मूळचे इकडचेही नव्हते, कर्नाटकातल्या सिंदगीचे. हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळेत शिकवायला म्हणून आले आणि मराठवाड्याचे झाले. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, डॉक्टरच्या पदवीवरही तेच नाव आहे. म्हणजे बघा, देश उभा करायला परत येणारा लागतो तसा बाहेरून येऊन राहणाराही लागतो. दोघांनाही लागते ती खोलीच.

आता शेवटी माहूर.

आमचा तालुका डोंगराचा. पलीकडं पैनगंगा, तिच्या पलीकडं यवतमाळ जिल्हा. गोंड, कोलाम, आंध, प्रधान, बंजारा अशी वस्ती. आश्रमशाळेत शिकलेली पोरं नांदेडला, पुण्याला, आता तर राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंड-अमेरिकेलाही जाऊ लागलीत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जातींच्या मुलांसाठी वर्षाला ७५ जागा आहेत, आदिवासी विकास विभागाची योजना वेगळी. कुणाला मिळाली की गावात फ्लेक्स लागतो. शाल, श्रीफळ, फेटा, आणि भाषणात हमखास येणारं वाक्य, "बाळा, गावाला विसरू नकोस." अगदी मनापासून म्हणतात हो लोक. पण तुझ्यासाठी इथं अमुक काम ठेवलंय, अमुक खुर्ची रिकामी आहे, असं त्या व्यासपीठावरून कुणी म्हटलेलं मी अजून ऐकलं नाही.

खुर्च्या रिकाम्या नाहीत असं थोडंच आहे? दवाखाना आहे, शाळा आहेत, कॉलेज आहे. पण बाहेरून नेमलेली कितीतरी मंडळी 'अपडाऊन' करतात. सकाळी पुसदहून, किनवटहून गाडी धरायची, संध्याकाळी परत. मुख्यालयी राहायचा नियम आहे, घरभाडे भत्ताही त्यासाठीच असतो, तरी राहत नाहीत. दत्त महाराज फक्त झोपायला माहूरला येतात आणि ही मंडळी झोप सोडून बाकी सगळं माहूरला करतात! त्यांनाही फार दोष देता येत नाही. सहकुटुंब राहायचं तर खोली कुठं? गडावर येणाऱ्या भाविकांमुळे नवरात्रात रोजाने खोल्या द्यायची सवय लागलेली. वर्षभराचा भाडेकरू म्हटला की मालकाला नवरात्र बुडाल्यासारखं वाटतं. मग वरची खोली अकरा महिने कुलपात.

गेल्या दिवाळीत काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, कायमचा कधी येणार. ते सत्कार समितीत आहेत. मी त्यांना डॉक्टरची सगळी गोष्ट सांगितली. आज तो हुदैदालाच आहे. पगाराचं अजून धड नाही, पण एम.एस्सी.चा वर्ग सुरू झालाय आणि ती नांदेडची लेक्चर्स मुलं अजून बघतात. मग म्हटलं, काका, यंदा फ्लेक्सच्या जोडीला एक यादी करा. तालुक्यात कुठं गणिताचा शिक्षक नाही, कुठल्या आश्रमशाळेत कॉम्प्युटर खोक्यात पडलेत, कुठल्या उपकेंद्रात नर्सला राहायला जागा नाही. ती यादी शालीबरोबर हातात द्या. कुणी दोन वर्षं येईल, कुणी महिन्याचा एक शनिवार-रविवार देईल. कॉम्प्युटरचं मी आणि माझे दोन मित्र बघतो, तेवढं आजच लिहून घ्या. पण येणाऱ्याने राहायचं कुठं ते आधी ठरवा.

काका जरा वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "यादी करू. शाल-श्रीफळ पण राहू दे, लोकांना लागतं ते. आणि राहायचं म्हणशील तर आपली वरची खोली आहे की. कुलूपच आहे तिला." मी विचारलं, आणि नवरात्रात?

"नवरात्रात आपण झोपू खाली ओट्यावर," काका म्हणाले. "तू फक्त येणाऱ्याला विचार, पाणी एक दिवसाआड चालेल का."